मांडवीकाठापासून बांबोळीच्या पठारापर्यंत : गोमेकॉची साठ वर्षे

गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि इस्पितळाला २०२३ मध्ये साठ वर्षे पूर्ण झाली. गोमंतकीय माणूस या संस्थेला तिच्या पूर्ण नावाने क्वचितच हाक मारतो. वर्तमानपत्रांत ती ‘गोमेकॉ’ आहे आणि गावोगावच्या बोलण्यात नुसती ‘बांबोळी’. एखाद्या घरातून ‘बांबोळीला नेले आहे’ एवढे कानावर आले, तरी ऐकणाऱ्याला दुखण्याचे गांभीर्य कळते. नेले आहे म्हणजे आता उपचार नीट होतील, असा धीरही येतो. हा विश्वास एका पिढीत मिळालेला नाही. त्यामागे सरकारने वर्षानुवर्षे तिजोरीतून दिलेला पैसा आहे आणि त्या पैशाचे सेवेत रूपांतर करणाऱ्या हजारो हातांचे कष्ट आहेत. या दोन्हींची नोंद हीरक महोत्सवी स्मरणिकेत राहावी, म्हणून हा लेखाजोखा.

पूर्वपीठिका : १९६१ पर्यंत

गोव्यातील पाश्चात्त्य वैद्यकाची सुरुवात सोळाव्या शतकात झाली. पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर लवकरच जुन्या गोव्यात राजाश्रयाने इस्पितळ सुरू झाले. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल १६०८ मध्ये तिथे रुग्ण म्हणून होता आणि तिथल्या स्वच्छतेचे व व्यवस्थेचे त्याने भरभरून वर्णन केले आहे. मात्र ते इस्पितळ प्रामुख्याने पोर्तुगीज सैनिकांसाठी होते. गावातल्या माणसाचा आधार वैद्यच होता. गार्सिया द ओर्ता यांनी भारतीय औषधींविषयीचा आपला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला. त्यातही इथल्या वैद्यांकडून मिळालेल्या माहितीचा मोठा वाटा आहे.

साथींनी जुने गोवे ओस पडत गेले. सत्ता, वस्ती आणि इस्पितळ हळूहळू मांडवीच्या काठाने पणजीकडे सरकले. १८४२ मध्ये गव्हर्नर कोंद दश आंताश यांच्या कारकिर्दीत ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’ म्हणजे वैद्यक-शल्य विद्यालय स्थापन झाले. लगेच पुढच्या वर्षी पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. आशियातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या विद्यालयांत या शाळेची गणना होते. माकिनेझ प्रासादाच्या परिसरात भरलेल्या तिच्या वर्गांतून बाहेर पडलेले गोमंतकीय डॉक्टर मोझांबिक, अंगोला, तिमोर अशा दूरच्या वसाहतींत आरोग्यसेवेचा कणा ठरले. असे असूनही त्यांच्या पदवीला पोर्तुगालमध्ये पूर्ण मान नव्हता. तो मिळवायचा तर लिस्बन, पोर्तो किंवा कुइंब्राला जाऊन पुन्हा शिकावे लागे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. फ्रोयलान द मेलो यांनी संस्थेला संशोधनाची दिशा दिली. सूक्ष्मजीवशास्त्रातील त्यांचे काम देशाबाहेरही मान्यता पावले. क्षय आणि कुष्ठरोगाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र सोयी उभ्या राहाव्यात म्हणून त्यांनी केलेली खटपट मडगावचे क्षयरुग्णालय आणि माकाझानचे कुष्ठधाम या रूपाने प्रत्यक्षात आली.

पोर्तुगीज काळात पणजीबाहेर जी काही आरोग्यसेवा होती, ती बहुतांशी धर्मादाय वृत्तीच्या माणसांमुळे. मडगावचे हॉस्पिसियो इस्पितळ हे पाद्रे मिरांडा यांच्या पुढाकाराचे फळ. म्हापशाच्या आझिलो इस्पितळाची परंपराही अशीच सेवाभावाची. सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे या तालुक्यांतील माणसाला मात्र इस्पितळ गाठायचे म्हणजे पायवाट, होडी आणि नशीब यांवर भरवसा ठेवावा लागे. वैद्यकीय शिक्षणाचे माध्यम पोर्तुगीज आणि त्याआधी लिसेव्ह म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक विद्यालयाची पायरी. त्यामुळे खेड्यातल्या मुलामुलींना या शाळेचे दार जवळपास बंदच होते.

१९६३–१९७२ : नवे नाव, उघडलेले दार

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. शतकाहून अधिक काळ चाललेल्या शाळेचे आता काय करायचे, हा प्रश्न नव्या प्रशासनासमोर उभा राहिला. ती बंद करून विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्याला पाठवणे सोपे होते. सरकारने अवघड वाट पत्करली. १९६३ मध्ये जुन्या एस्कोलाच्या जागी गोवा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले आणि एमबीबीएसचा अभ्यासक्रम इंग्रजीतून शिकवला जाऊ लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नेतृत्वाखाली गोव्याचे पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ सत्तेवर आले.

सुरुवातीची वर्षे ओढाताणीची होती. पाठ्यपुस्तके बदलली, परीक्षा बदलल्या, रुग्णाच्या कागदांवरची भाषा बदलली. पोर्तुगीज परंपरेत घडलेले ज्येष्ठ डॉक्टर आणि मुंबई, पुणे व इतर प्रांतांतून आलेले अध्यापक शेजारी शेजारी उभे राहून शिकवू लागले. दोन वेगळ्या पद्धतींची मोट बांधताना मतभेद होणारच. पण रुग्णाच्या खाटेपाशी दोन्ही पद्धती एक झाल्या, याचे श्रेय त्या पिढीच्या समजूतदारपणाला द्यावे लागेल.

मुक्तीच्या सुमारास गोव्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आत होती. १९७१ च्या जनगणनेत ती आठ लाखांच्या जवळ गेली. याच काळात गावोगाव निघालेल्या मराठी प्राथमिक शाळांतून पुढे आलेली मुले पुढच्या दशकात वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशयादीत दिसू लागली. गावात डॉक्टर झालेला पहिला मुलगा, पहिली मुलगी ही त्या काळातली मोठी घटना होती. संस्थेच्या इतिहासातले हे स्थित्यंतर एखाद्या नव्या इमारतीपेक्षा कमी मोलाचे नाही.

१९७३–१९८२ : जागा अपुरी, काम वाढते

दुसऱ्या दशकात महाविद्यालय स्थिरावले आणि इस्पितळ अपुरे पडू लागले. पणजीतील नदीकाठच्या जुन्या इमारती देखण्या होत्या, पण त्यांचा विस्तार करायला जागा नव्हती. म्हणून विभाग विखुरले. काही पणजीत होते, काही रायबंदरच्या जुन्या इस्पितळात, तर क्षय व छातीच्या विकारांचे रुग्णालय सांत इनेजला. एकाच रुग्णाला तपासणीसाठी एका ठिकाणी आणि उपचारासाठी दुसऱ्या ठिकाणी न्यावे लागे. स्ट्रेचर उचलणारे कामगार, रुग्णवाहिकांचे चालक आणि नमुने घेऊन धावणारे प्रयोगशाळेचे सेवक यांनी ही दगदग वर्षानुवर्षे सोसली.

याच काळात संस्थेचे काम इस्पितळाच्या भिंतींबाहेर गेले. प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक विभागाच्या मांडूरच्या ग्रामीण केंद्रात आणि सांताक्रूझच्या शहरी केंद्रात विद्यार्थी गावातला आजार पाहायला शिकले. विहिरीचे पाणी, बाळंतिणीचा आहार, मुलांचे लसीकरण हे विषय पुस्तकातून अंगणात आले. १९८० मध्ये दंत महाविद्यालय सुरू झाले. अबे फारिया यांचे नाव लाभलेल्या मनोरुग्णालयाचेही याच काळात मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत रूपांतर झाले. गोव्यात जन्मलेल्या आणि संमोहनशास्त्रात जगभर नाव कमावलेल्या अबे फारियांचा वारसा अशा रीतीने आधुनिक मानसोपचाराशी जोडला गेला.

१९८३–१९९२ : घटक राज्य आणि बांबोळीचा निर्णय

१९८३ मध्ये झुवारीवर पूल झाला आणि दक्षिण गोव्यातील रुग्णांचा पणजीचा प्रवास सुकर झाला. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला. बार्देश, पेडणे आणि डिचोलीच्या बाजूने येणाऱ्या रुग्णांना भर पावसात पुन्हा फेरीबोटीचा आधार घ्यावा लागला. अत्यवस्थ रुग्णासाठी नदीकाठची मिनिटेही किती मोलाची असतात, ते त्या काळातल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी पाहिले. सगळी मोठी सेवा एकाच शहरात, नदीच्या एकाच काठावर असण्यातला धोका तेव्हा सर्वांच्या लक्षात आला.

त्याच सुमारास पणजीत मलेरियाने डोके वर काढले. वाढत्या बांधकामांवर साचणारे पाणी आणि कामासाठी येणारे स्थलांतरित मजूर यांचा आरोग्याशी असलेला संबंध गोव्याला या साथीने शिकवला. महाविद्यालयाचे सूक्ष्मजीवशास्त्र आणि सामाजिक वैद्यक विभाग, तसेच आरोग्य खात्याचे फवारणी कामगार यांनी त्या वर्षांत घरोघर जाऊन काम केले.

१९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाले आणि महाविद्यालय मुंबईऐवजी आपल्याच राज्याच्या विद्यापीठाशी जोडले गेले. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. आता आरोग्यावरच्या खर्चाची प्राथमिकता ठरवण्याचा अधिकार आणि त्याची जबाबदारी, दोन्ही गोव्याच्या विधानसभेकडे आल्या. या पार्श्वभूमीवर बांबोळीच्या पठारावरील प्रशस्त जागेत महाविद्यालय आणि इस्पितळ एकत्र आणण्याच्या कामाला वेग आला. पणजीपासून काही किलोमीटरवर, राष्ट्रीय महामार्गालगत असलेली ही जागा पुढील काळातील गरजांचा विचार करून निवडलेली होती. तिथले बांधकाम टप्प्याटप्प्याने झाले. पैसा दरवर्षी अर्थसंकल्पातून थोडा थोडा येत गेला. कामही त्याच गतीने पुढे सरकले, पण ते थांबले नाही.

१९९३–२००२ : पठारावरचे नवे घर

नव्वदच्या दशकात स्थलांतर पूर्ण झाले. चालू इस्पितळ हलवणे म्हणजे रुग्णांवरचे उपचार एक दिवसही न थांबवता खाटा, यंत्रे, औषधे, रक्तसाठा आणि केसपेपरांचे ढीग एका वास्तूतून दुसऱ्या वास्तूत नेणे. मेट्रन, वॉर्ड सिस्टर, तंत्रज्ञ, सफाई कामगार आणि कारकून यांनी हे काम ज्या शिस्तीने पार पाडले, त्याची नोंद कुठल्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. ती या स्मरणिकेत असावी.

पणजीतील रिकाम्या झालेल्या वास्तूंना पुढे नवे काम मिळाले. रायबंदरच्या इस्पितळात व्यवस्थापनशास्त्राची संस्था आली. माकिनेझ प्रासादाचा परिसर २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे केंद्र बनला. जुने विद्यार्थी आजही त्या भिंतींकडे आपलेपणाने पाहतात.

बांबोळीत सर्व मुख्य विभाग एका छताखाली आले आणि त्याचा फायदा लगेच दिसू लागला. अपघात विभागातून शस्त्रक्रियागृहात, तिथून अतिदक्षता विभागात नेण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागेना. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि शेजारच्या प्रदेशाशी गोव्याचा संबंध आणखी वाढला. सिंधुदुर्गातील सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ले आणि कर्नाटकातील कारवार इथल्या रुग्णांसाठी बांबोळी हेच सर्वांत जवळचे मोठे इस्पितळ होते. राज्याच्या हद्दीपलीकडच्या गरीब माणसाचाही भार या संस्थेने उचलला आहे, याचा गोव्याला सार्थ अभिमान वाटायला हवा.

२००३–२०१२ : जिल्ह्याच्या ठिकाणी बळ

नव्या वास्तूला दहा वर्षे होत आली, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. बांबोळी कितीही वाढवली, तरी साधे हाड मोडलेला, सामान्य बाळंतपणाची वाट पाहणारी, तापाने फणफणलेला असा प्रत्येक रुग्ण इथेच येत राहिला, तर खाटा कधीच पुरणार नाहीत. २००१ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या जवळ पोहोचली होती. वर्षभर येणारे पर्यटक त्यात धरलेले नव्हते. वॉर्डमध्ये दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून रुग्ण ठेवण्याची वेळ वारंवार येत होती.

म्हणून सरकारने जिल्हा पातळीकडे लक्ष वळवले. म्हापशात आझिलोची जागा घेण्यासाठी पेडे येथे उत्तर गोवा जिल्हा इस्पितळाची नवी वास्तू उभी राहिली. फोंडा आणि चिखलीची इस्पितळे, तसेच वाळपई, पेडणे, काणकोण आणि कुडचडे येथील आरोग्य केंद्रे यांचे बळ वाढवण्याचे प्रयत्न सुरू झाले. २००८ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आली. गावातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून बांबोळीला अशी साखळी हळूहळू आकार घेऊ लागली. उपचार रुग्णवाहिकेतच सुरू व्हायला हवेत, ही शिकवण गोव्याच्या आरोग्यव्यवस्थेने या काळात आत्मसात केली.

२०१३–२०२३ : मोठी गुंतवणूक, मोठी कसोटी

सहाव्या दशकात गोव्याच्या आरोग्यसेवेत संस्थेच्या इतिहासातील सर्वांत मोठी शासकीय गुंतवणूक झाली. २०१६ मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू झाली. तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण या योजनेने दिले. राज्याबाहेरील रुग्णांसाठी शुल्क ठरले, तेव्हा सिंधुदुर्गातील रुग्णांची अडचण पुढे आली. दोन्ही राज्यांनी बसून महाराष्ट्राच्या जनआरोग्य योजनेतून त्यावर मार्ग काढला. पुढे सिंधुदुर्गातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही संस्थांनी एकमेकींचा भार वाटून घ्यावा, अशी आता अपेक्षा आहे.

हृदयविकाराच्या झटक्यावर वेळेत उपचार मिळावेत म्हणून ‘स्टेमी’ प्रकल्प सुरू झाला. लहान आरोग्य केंद्रात ईसीजी काढला जातो, तो बांबोळीतील हृदयरोगतज्ज्ञ लगेच पाहतात आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन रुग्णाला तिथेच मोफत दिले जाते. मोठ्या इस्पितळाचे ज्ञान छोट्या केंद्रापर्यंत पोहोचवण्याचा हा आदर्श नमुना आहे. स्तनांच्या कर्करोगासाठी १ लाख महिलांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवून मोहीम हाती घेतली गेली. टाटा मेमोरियल सेंटरच्या सहकार्याने कर्करोग उपचाराची आखणीही झाली.

२०२० च्या मार्चमध्ये कोविड आला. काही दिवसांतच बांबोळीत विषाणू चाचणीची प्रयोगशाळा सुरू झाली. त्याआधी नमुने राज्याबाहेर पाठवावे लागत. दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, रुग्णांची संख्या आणि प्राणवायूची गरज यांचा मेळ घालताना संस्थेची अतिशय कठोर परीक्षा झाली. अनेक कुटुंबांनी आपली माणसे गमावली. त्यांचे दुःख ही संस्था विसरलेली नाही. त्याच दिवसांत आवारात २०,००० लिटरची प्राणवायू टाकी बसवली गेली आणि बांधकाम पूर्ण होत आलेल्या सुपर स्पेशालिटी विभागात घाईने खाटा सुरू करून रुग्ण हलवले गेले. पीपीई पोशाखात तासन्‌तास उभे राहिलेले निवासी डॉक्टर, परिचारिका, सेवक आणि शवागारातले कर्मचारी यांच्यापुढे कृतज्ञतेचे शब्द अपुरे आहेत.

१९ डिसेंबर २०२१ रोजी, मुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, पंतप्रधानांच्या हस्ते सुपर स्पेशालिटी विभागाचे उद्घाटन झाले. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून उभ्या राहिलेल्या या वास्तूला ३८० कोटींहून अधिक खर्च आला. अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिस आणि अवयव प्रत्यारोपणाच्या सोयी, तसेच मिनिटाला १,००० लिटर क्षमतेचे प्राणवायू संयंत्र तिथे आहे. त्याच दिवशी मडगावच्या दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळाचेही उद्घाटन झाले. सुमारे २२० कोटी रुपये खर्चून बांधलेल्या या इस्पितळात ३३ विषयांची बाह्यरुग्ण सेवा आणि प्राणवायूची जोडणी असलेल्या ५०० खाटा आहेत. पाद्रे मिरांडांच्या हॉस्पिसियोची परंपरा आता या वास्तूत पुढे चालते आहे.

आजचे कार्य

आज गोमेकॉत एमबीबीएसच्या जागा वाढल्या आहेत. पदव्युत्तर आणि अतिविशेष अभ्यासक्रमांचाही विस्तार होत आहे. सकाळी बाह्यरुग्ण विभागासमोर पहाटेच्या बसने आलेल्या माणसांची रांग लागते. त्यांत काणकोणचा शेतकरी असतो, मुरगाव बंदरातला कामगार असतो, दोडामार्गची वृद्धा असते. राज्याची रक्तपेढी, अपघात व तातडीची सेवा, नवजात अर्भकांचा अतिदक्षता विभाग आणि न्यायवैद्यक विभाग अहोरात्र चालतात.

साठ वर्षांच्या या प्रवासातून एक निष्कर्ष निघतो आणि तो पुढील धोरणासाठी महत्त्वाचा आहे. इमारत एकदा बांधून होते. इस्पितळ मात्र दररोज चालवावे लागते. बांधकामाला निधी एकदा मंजूर करता येतो. परिचारिका, तंत्रज्ञ, भूलतज्ज्ञ, औषधे आणि यंत्रांची देखभाल यांसाठी तो दरवर्षी, न चुकता द्यावा लागतो. गोव्याने आता पुरेशा भिंती उभ्या केल्या आहेत. पुढच्या दशकातली गुंतवणूक जिल्हा इस्पितळांतील रिकाम्या पदांवर, ग्रामीण केंद्रांतील तज्ज्ञ सेवेवर आणि रुग्णाला योग्य ठिकाणी पाठवणाऱ्या संदर्भ व्यवस्थेवर व्हायला हवी. म्हापसा आणि मडगाव भक्कम झाले, तरच बांबोळीला गुंतागुंतीच्या आजारांकडे पूर्ण लक्ष देता येईल.

कृतज्ञता आणि आवाहन

या साठ वर्षांचे श्रेय कोणा एकाचे नाही. पोर्तुगीज काळातील अध्यापक, मुक्तीनंतरचे अधिष्ठाते आणि प्राध्यापक, सर्व पक्षांच्या सरकारांतील आरोग्यमंत्री, आरोग्य खाते, शुश्रूषा शिक्षण संस्था, निवासी डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, चालक, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि आपले शरीर अभ्यासासाठी देणारे देहदाते अशा सर्वांनी मिळून ही संस्था उभी केली आहे.

देशविदेशांत पसरलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. वर्षातले काही दिवस काढून पेडे, मडगाव, फोंडा किंवा वाळपईच्या इस्पितळात या, तिथल्या तरुण डॉक्टरांसोबत काम करा, आपले कौशल्य त्यांना द्या. गोमंतकीय नागरिकांना आवाहन आहे, की नियमित रक्तदान करावे आणि अवयवदानाची नोंदणी करून कुटुंबाला तसे सांगून ठेवावे. हे इस्पितळ लोकांच्या पैशांतून उभे राहिले आहे. ते नीट चालावे, त्यात काही कमी पडले तर हक्काने विचारावे आणि जे चांगले आहे ते जपावे, ही जबाबदारीही लोकांचीच आहे.